कार्बनवर किंमत लावा, पण पैसे आधी खात्यात टाका

खाडीपलीकडे (धागाकर्ता)

"भारतात कार्बनवर कर कधी लागणार?" असं दुसऱ्या एका धाग्यावर कोणीतरी विचारलंय. लागला होता की! कोळशावर. २०१० च्या अर्थसंकल्पात टनामागे ५० रुपयांचा स्वच्छ ऊर्जा उपकर आला, २०१४ ला त्याचे १०० झाले, २०१५ ला २०० आणि २०१६ ला ४००. एक टन देशी कोळसा जाळला की ढोबळमानाने दीड टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे कार्बनच्या टनाला अडीचशेच्या वर पडत होते.

त्या पैशांचं काय झालं ते बघा. २०१०-११ ते २०१७-१८ या काळात सुमारे ८६ हजार कोटी गोळा झाले. ज्या स्वच्छ ऊर्जा निधीच्या नावाने वसुली झाली त्यात त्यातले २९ हजार कोटींच्या आसपास पोचले, आणि प्रकल्पांवर खर्च झाले ते १६ हजार कोटींच्याही आत. जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हेच ४०० रुपये राज्यांच्या नुकसानभरपाईकडे वळले. २२ सप्टेंबर २०२५ पासून तेही गेले. त्याऐवजी कोळशावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून १८ टक्के झाला.

या शेवटच्या बदलाकडे कोणाचं फारसं लक्ष गेलं नाही, म्हणून जरा आकडेमोड. खाणीवर १५०० रुपये टन भावाचा हलका, राखेने भरलेला कोळसा घ्या. आधी त्यावर ७५ अधिक ४०० म्हणजे ४७५ रुपये कर होता, आता २७० आहे. ४००० रुपये टनाच्या चांगल्या कोळशावर आधी ६०० होते, आता ७२०. वजनावरचा कर किमतीवर गेला की हलका माल सुटतो आणि चांगला माल अडकतो. प्रदूषणाच्या हिशेबाने हे बरोबर उलटं झालं.

आता मुद्द्यावर येतो. मी एका मच्छीमार सोसायटीची दप्तरं बघतो. आपल्याकडे मच्छीमाराला डिझेलवरच्या विक्रीकराचा परतावा मिळतो हे किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत आहे. डिझेल पूर्ण भावाने भरायचं, बिलं, परवाना, नोंदणी असे कागद लावून सोसायटीने प्रस्ताव पाठवायचा, आणि कालांतराने रक्कम नौकामालकाच्या खात्यात. योजना वाईट नाही. पण ते 'कालांतराने' काय करतं ते सांगतो. मधल्या महिन्यांत नौकामालक व्यापाऱ्याकडून उचल घेतो. उचल घेतली की मासळी त्याच व्यापाऱ्याला, तो म्हणेल त्या भावाने. सुरमई किलोमागे वीस-तीस रुपये कमी भावाने गेली तर त्याची नोंद कुठल्याच रजिस्टरला होत नाही. कागदावर करमाफी आणि खिशातून व्याज.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: कार्बनला किंमत लावायला माझा पाठिंबा आहे, पण ती वर लावा. खाणीच्या तोंडाशी, बंदरावर, सिमेंट-पोलादाच्या कारखान्यात. आणि त्यातून येणारे पैसे भाव वाढायच्या आधी माणशी खात्यात टाका. 'आधी भरा, नंतर परत देऊ' हे धोरण गरिबाला परवडत नाही, मग दर कितीही वाजवी असो. देशात आता वर्षाला १०० कोटी टनांच्या वर कोळसा निघतो. जुने ४०० रुपये पुन्हा लावले तरी ४० हजार कोटी होतात. ३० कोटी कुटुंबं धरली तर घरटी तेराशे रुपये. फार नाहीत, पण नगण्यही नाहीत.

आंबेवाला_देवगड

तुम्ही म्हणताय वर लावा, पण वर लावलेलं खालीच येतं. भाडं वाढणार, खत वाढणार, फवारणीच्या पंपाचं पेट्रोल वाढणार. इकडे अवकाळीने मोहर जळतो, थ्रिप्सची कीड हटत नाही, आणि त्यात हे. वाशीला पेटी पोचेपर्यंत आमच्या हातात काय उरणार?

खाडीपलीकडे

करूया हिशेब. कार्बनच्या टनाला १००० रुपये धरू, म्हणजे जुन्या उपकराच्या जवळजवळ चौपट. एक लिटर डिझेल जाळलं की २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे लिटरमागे २ रुपये ६८ पैसे. देवगड-वाशी ट्रकला जाऊन येऊन दोनशेएक लिटर डिझेल लागलं तर साडेपाचशे रुपये. गाडीत तीनशे पेट्या असतील तर पेटीमागे दोन रुपयांच्या आत. तुमची दलाली आणि हमाली यापेक्षा किती पट आहे ते तुम्हीच बघा.

घरगुती सिलिंडर १४.२ किलोचा. त्याचे ४२ रुपये. सिमेंटच्या गोणीमागे तीसएक. वीज युनिटमागे ७० पैशांच्या आसपास, आणि खरा चटका तिथे आहे. डिझेलची चर्चा आपण जास्त करतो कारण पंपावर आकडा फिरताना दिसतो.

मिरकरवाडा_१२

पेटीमागे दोन रुपये म्हणून सोडून देऊ नका. माझ्या बोटीला एका फेरीला पाचेकशे लिटर लागतं. तुमच्या दराने फेरीला तेराशे चाळीस. मासे मिळाले तर ठीक. नाही मिळाले तरी डिझेल जळतंच, खलाशांचा पगार आणि बर्फ वेगळा. १ जून ते ३१ जुलै बंदी, त्यानंतर वादळाचे इशारे आले की बोटी परत बंदरात. २०१९ ला क्यार, २०२० ला निसर्ग, २०२१ ला तौक्ते, प्रत्येक वेळी दिवस बुडाले. आंबेवाल्याला भाडं पेटीवर वाटता येतं, मला नाही. लिलावात भाव मी ठरवत नाही.

रापणकार

तुमी सगळे ट्रक-बोटींच्या गजाली करतास, आता वायच मालवणात येवा. आमची रापणीची होडी वल्ह्यार चलता, लय झाला तर मागे लावलेला बारीक इंजिन. आमचो धूर तो केदो? आणि भायरसून येवन एलईडी लावन मासे गोळा करणारे, त्येंच्या बोटीर जनरेटर रातभर धडधडतत. त्या लायटींका २०१७ पासून बंदी आसा, तरी दिसतत. डिझेल म्हाग झाला तर पयलो फटको त्येंका बसांदे, माझी हरकत नाय.

पण आजच्या योजनेत जो जास्त डिझेल जाळता तेका परतावो जास्त, आणि जो जाळणा नाय तेका शून्य. ह्यो खयचो न्याय? देवबागेत दर्या लोकांच्या परड्यात इलो, तेचो परतावो कोण देतलो?

खाडीपलीकडे

रापणकारांनी माझ्या धाग्यापेक्षा नेमकं लिहिलंय. लिटरवर परतावा दिला की जाळण्याला बक्षीस मिळतं. माणशी दिला तर वल्ह्यावर चालणाऱ्याला पूर्ण रक्कम शिल्लक राहते आणि एलईडीवाल्याला पुरत नाही. मिरकरवाडा, तुमच्यासारख्या मधल्या नौकामालकाचा प्रश्न मात्र यातून सुटत नाही, हे खरं आहे. तुमच्याकडे दोन-तीन खलाशी-घरांचे पैसे आले तरी फेरीचे तेराशे चाळीस भरून येणार नाहीत. तिथे मी डिझेलवरची किंमत पहिली काही वर्षं नकोच म्हणेन. डिझेलवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट आधीच आहे. कोळशावर मात्र आता वेगळं असं काहीच उरलेलं नाही.

फेज_न्यूट्रल

वीज क्षेत्रात नोकरी केली आहे, त्यामुळे ७० पैशांबद्दल थोडं.

जुने ४०० रुपये होते तेव्हा कोळशाच्या विजेला युनिटमागे २५ ते ३० पैसे खर्च वाढला होता. वीज खरेदीच्या करारांत 'कायद्यातील बदल' असं कलम असतं, त्यातून तो थेट ग्राहकाकडे गेला. वीजनिर्मिती कंपनीच्या नफ्याला धक्का नाही. बिलात 'इंधन समायोजन आकार' अशी एक ओळ असते, कोणी वाचत नाही. तर मग किंमत लावून उत्सर्जन घटतं कुठे?

घटायचं असेल तर ते केंद्र चालवण्याच्या क्रमात घटतं. ज्याचा इंधनखर्च कमी ते केंद्र आधी चालतं, याला मेरिट ऑर्डर म्हणतात. विदर्भात किंवा छत्तीसगडात खाणीच्या दाराशी असलेलं जुनं, जास्त कोळसा खाणारं केंद्र क्रमात वर बसतं, कारण त्याला वाहतूक खर्चच नाही. जयगडचं १२०० मेगावॉटचं केंद्र जहाजाने आलेल्या कोळशावर चालतं, तो महाग. २२ सप्टेंबरनंतर कर टक्क्यांत गेल्यामुळे ही दरी आणखी वाढली. वीज जीएसटीच्या बाहेर आहे, त्यामुळे कोळशावर भरलेल्या जीएसटीची वजावटही मिळत नाही. धागाकर्त्यांचं गणित इथे लागू पडतं.

आणि वायू? अंजनवेलचं, आपण सगळे दाभोळ म्हणतो ते, जवळजवळ दोन हजार मेगावॉटचं केंद्र वायूवर चालायला बांधलेलं आहे. आयात वायूची वीज कोळशाच्या विजेपेक्षा युनिटला चार रुपयांनी महाग धरा. वायूने युनिटमागे अर्धा किलोच्या वर कार्बन वाचतो. म्हणजे दाभोळने कोळशाला मागे टाकायचं असेल तर कार्बनला टनाला सातेक हजार किंमत हवी. हजार रुपयांत ते केंद्र हलणार नाही. ब्रिटनने २०१३ पासून वीजनिर्मितीवर कार्बनची किमान किंमत लावली आणि ३० सप्टेंबर २०२४ ला तिथलं शेवटचं कोळसा केंद्र बंद झालं, असं लोक उदाहरण देतात. त्यांच्याकडे वायूची केंद्रं आधीपासून उभी आणि चालू होती. कोळसा मागे पडला की बटण दाबायला दुसरं काहीतरी हातात हवं. आपल्याकडे ते दुसरं म्हणजे सौर, पवन आणि साठवण. त्यामुळे किंमत लावा, पण बॅटरी आणि पारेषण वाहिन्या उभ्या राहत असतानाच.

गुहागर_ते_टोरांटो

मूळ गुहागरचा, आता बरीच वर्षं ऑन्टारियोत. धागाकर्त्यांची सूचना इकडे जशीच्या तशी राबवून झाली आहे आणि मोडूनही झाली आहे.

एप्रिल २०१९ ला केंद्र सरकारने इंधनावर टनाला २० डॉलर लावले, वाढत वाढत २०२४ ला ८० झाले. पैसे दर तीन महिन्यांनी थेट खात्यात, तेही आगाऊ. ऑन्टारियोत चौघांच्या कुटुंबाला २०२४-२५ साठी ११२० डॉलर. खेड्यातल्यांना त्यावर २० टक्के जास्त. बहुतेक कमी उत्पन्नाच्या घरांना पंपावर गेले त्यापेक्षा जास्त परत मिळत होते.

तरी लोक चिडलेले. पंपावरचा आकडा रोज दिसायचा, आणि खात्यातली जमा बँकेच्या उताऱ्यावर अशा काही आडनावाने यायची की कोणाला पत्ता नाही ती कशाची. सरकारने २०२४ मध्ये योजनेचं नाव बदललं, तोपर्यंत उशीर झाला होता. त्यात २०२३ च्या ऑक्टोबरात घर गरम करण्याच्या तेलाला तीन वर्षांची सूट दिली. ते तेल वापरणारे मुख्यतः अटलांटिक किनाऱ्यावरचे, मग बाकीचे प्रांत विचारणारच, आम्ही काय पाप केलं? शेवटी मार्क कार्नी पंतप्रधान झाले आणि १ एप्रिल २०२५ पासून ग्राहकांवरचा हा कर बंद. मोठ्या उद्योगांवरची किंमत मात्र चालू आहे. त्याबद्दल इथे चहाच्या टपरीवर, म्हणजे कॉफीच्या रांगेत, कोणी बोलत नाही.

ऑस्ट्रेलियाने २०१२ ला लावला, २०१४ ला काढला. फ्रान्समध्ये २०१८ ला इंधनकर वाढवायला निघाले तर पिवळी जॅकेटं घातलेले आंदोलक रस्त्यावर आले. स्वीडनमध्ये १९९१ पासून चालू आहे आणि दर जगातल्या सर्वांत चढ्या दरांपैकी आहे. त्यांनी तो आणताना उत्पन्नावरचे कर उतरवले होते, ते विसरू नका.

खाडीपलीकडे

तुमच्या पोस्टमधला तेलाच्या सवलतीचा किस्सा मला सर्वांत उपयोगाचा वाटला. एकाला सूट दिली की योजना पडायला लागते. म्हणून सूट नको, सगळ्यांना सारखी रक्कम. आणि किंमत वर लावायची ती याचसाठी, औद्योगिक किंमत तुमच्याकडेही टिकली आहे. आपल्याकडे थेट खात्यात पैसे टाकायची सवय आहे. पीएम-किसानचे वर्षाला ६००० तीन हप्त्यांत येतात, लाडक्या बहिणीचे महिन्याला १५०० येतात. कुठले पैसे कुठल्या योजनेचे हे इथल्या बायकांना तोंडपाठ आहे. तुमच्या बँकेपेक्षा आमच्या बायका हुशार.

रेवदंडा_रोहा

कर-कर चाललंय, पण सरकारने दुसराच रस्ता धरला आहे त्याबद्दल कोणीच कसं बोलत नाही? ऊर्जा संवर्धन कायद्यात २०२२ ला दुरुस्ती झाली, जून २०२३ ला कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित झाली, आणि ऑक्टोबर २०२५ ला अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, क्लोर-अल्कली आणि कागद या उद्योगांना पहिली लक्ष्यं दिली गेली. टनामागे किती उत्सर्जन चालेल ते ठरवून दिलं. त्याच्या आत राहिलात तर क्रेडिट विका, बाहेर गेलात तर विकत घ्या.

फेज_न्यूट्रल

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एकूण उत्सर्जनाला छत नाही, फक्त उत्पादनाच्या टनामागे मर्यादा. कारखान्याने उत्पादन दुप्पट केलं तर धूरही वाढू शकतो आणि तरी तो क्रेडिट विकू शकतो. चीननेही २०२१ ला अशीच तीव्रतेवर आधारित बाजारपेठ सुरू केली, पण त्यांनी सुरुवातच वीज क्षेत्रापासून केली. आपण विजेला सध्या बाहेर ठेवलंय. देशातला सर्वांत मोठा धूर तिथेच.

खाडीपलीकडे

आणि तिसरी माझी. या बाजारात कारखाना कारखान्याला पैसे देतो. सरकारी तिजोरीत काही येत नाही, म्हणजे लोकांना द्यायलाही काही नाही. सिमेंटच्या गोणीचा भाव दोन रुपयांनी वाढला तर घर बांधणाऱ्याने ते निमूट द्यायचे.

डोलवीचा_शेजारी

निर्यातीचा मुद्दा राहिला. युरोपने १ जानेवारी २०२६ पासून सीमेवर कार्बन शुल्क खऱ्या अर्थाने सुरू केलं. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम, सिमेंट, खत, हायड्रोजन आणि वीज. त्याआधी ऑक्टोबर २०२३ पासून नुसती माहिती द्यायची होती. आमच्या पेण तालुक्यातला डोलवीचा कारखाना वर्षाला एक कोटी टन क्षमतेचा. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन निघतो. युरोपातला भाव टनाला ७०-८० युरो, म्हणजे सात हजारांच्या घरात. सगळ्या अडीच टनांवर शुल्क बसत नाही, तिकडच्या कारखान्यांना अजून मिळणाऱ्या उत्सर्जनाच्या मोफत परवान्यांएवढं वजा होतं. पण हे मोफत परवाने हळूहळू कमी होणार.

माल पाठवणाऱ्याने आपल्या देशात कार्बनची किंमत भरली असेल तर तेवढी तिकडे वजा होते. मग इथे पैसे इथल्या तिजोरीत का घेऊ नयेत? ब्रसेल्सला, म्हणजे युरोपला, दिले तर डोलवीच्या पोरांना त्यातून खेळायचं मैदानही मिळणार नाही.

कोकणी_कणा

हे सगळं गोऱ्यांनी केलेलं पाप आणि निस्तरायचं आपण! अमेरिकन माणूस वर्षाला चौदाएक टन सोडतो, भारतीय दोन टन. त्यांनी आधी भरावं.

डोलवीचा_शेजारी

दोन टन ही सरासरी आहे. आमच्या इथे दोन एसी आणि दोन गाड्यांचा बंगला आहे आणि त्याच्या मागे कातकरीवाडीत एक बल्ब आहे. माणशी सारखे पैसे दिले तर बंगलेवाला भरतो आणि वाडी कमावते. युरोपशी भांडण करायला मी पण येतो, पण ते वेगळं भांडण.

आंबेवाला_देवगड

विषय निघालाच आहे तर एक विचारतो. आमच्याकडे एक एजंट आला होता. तुमच्या कलमांचे कार्बन क्रेडिट विकून देतो म्हणाला, सातबारा आणि आधारची झेरॉक्स मागत होता. बाग पन्नास वर्षांची. घ्यायचा का नाद?

रेवदंडा_रोहा

झेरॉक्स देऊ नका. वर चर्चा चालली आहे ती सरकारच्या सक्तीच्या बाजाराची, हा ऐच्छिक बाजार आहे. तिथे पहिली अट अशी की क्रेडिटच्या पैशांमुळे काहीतरी नवीन झालं पाहिजे. पन्नास वर्षांची हापूसची कलमं क्रेडिट नसतं तरी उभीच राहणार होती, त्याला क्रेडिट मिळायचं कारण नाही. नवी लागवड असेल तर करार नीट वाचा: किती वर्षं झाड तोडता येणार नाही, वादळात पडलं तर जबाबदारी कोणाची, मोजणीचा आणि तपासणीचा खर्च कोणाच्या वाट्याचा. निसर्ग वादळात श्रीवर्धन-मुरूडकडच्या नारळी-पोफळीच्या बागा कशा आडव्या झाल्या ते आम्ही बघितलंय. तीस वर्षांचा करार त्यावर कोण करणार?

आंबेवाला_देवगड

धन्यवाद. उद्या परत येणार आहे तो. बघतो.

चाकरमानी_गिरगाव

माणशी पैसे हे ऐकायला बरं वाटतं. पत्ता कुठला धरणार? माझं रेशनकार्ड मुंबईचं, आधारवर गावचा पत्ता, गावच्या वीजमीटरवर आजोबांचं नाव, आणि ते जाऊन जमाना झाला. सातबाऱ्यावर इतके हिस्सेदार आहेत की गणपतीत सगळे आले तर पंगती उठवाव्या लागतात. गावचं घर दहा महिने बंद, वीज वापरतो आम्ही गिरगावात.

खाडीपलीकडे

म्हणूनच घर, मीटर, सातबारा, नौका, काहीच धरायचं नाही. सज्ञान माणूस आणि त्याचं आधार जोडलेलं एक खातं. मुलांचा अर्धा वाटा आईच्या खात्यात. वर मी घरटी तेराशे लिहिलं ते फक्त अंदाज यावा म्हणून.

नौका धरायची नाही याला आमच्याकडे आणखी एक कारण आहे. डिझेलचा परतावा बोट ज्याच्या नावावर त्याला. बंदरावरून टोपली भरून बाजारात जाणाऱ्या बाईच्या नावावर बोट नसते, तिला त्यातला पैसा मिळत नाही. पण टेम्पोचं भाडं ती देते आणि बर्फ ती विकत घेते. बर्फाचं सांगतो, एक टन बर्फ करायला पन्नास ते ऐंशी युनिट वीज जाते. युनिटमागे ७० पैसे वाढले तर टनाला पस्तीस ते छप्पन्न रुपये, किलोला साडेतीन ते साडेपाच पैसे. तिची रोजची वाढ एक-दोन रुपयांची, टेम्पोवाल्याने डिझेलच्या नावाखाली सरसकट दहा वाढवले नाहीत तर. ते तो वाढवणारच, आणि त्याला आवरायला आपल्या कुठल्याच योजनेत कलम नाही.

मिरकरवाडा_१२

टेम्पोवाला माझा मेव्हणा आहे. तो दहा नाही, वीस वाढवेल.